सोमालीलँडला मान्यता द्या, पण लास अनोदला विचारून

२६ डिसेंबर २०२५ ला इस्रायलने सोमालीलँडला, म्हणजे १९९१ मध्ये सोमालियापासून वेगळं झाल्याचं जाहीर केलेल्या उत्तरेकडच्या भागाला, स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली, संयुक्त राष्ट्रांचा सदस्य असलेला असा पहिलाच देश, आणि त्या रात्री आमच्या ग्रुपवर दोन तास नुसता धुरळा उडाला. अर्ध्या लोकांना वाटलं सोमालियाचंच नाव बदललं, काहीजण म्हणाले अहो तो चाच्यांचा देश, त्याला कसली मान्यता देताय, आणि उरलेल्यांचं सगळं भांडण इस्रायल बरोबर की चूक यावर. तिथे राहणाऱ्या पन्नास-साठ लाख माणसांना काय हवंय आणि ते का मागतायत, हे एकानेही विचारलं नाही. मला त्याचं खरंच वाईट वाटलं, कारण ही माणसं १९९१ पासून एकच गोष्ट मागतायत आणि दर वेळी चर्चा दुसऱ्याच कुणाची होते.

माझं मत आधीच सांगून टाकते. सोमालीलँडला मान्यता मिळायला हवी, खरं तर वीस वर्षांपूर्वीच मिळायला हवी होती, आणि ती आफ्रिकन देशांनी स्वतः पुढे होऊन द्यायला हवी होती. पण ज्या कारणासाठी ती मिळायला हवी, त्याच कारणासाठी हर्गेसाच्या, म्हणजे सोमालीलँडच्या राजधानीतल्या, सरकारला पूर्वेकडच्या लास अनोद शहरातल्या लोकांचंही ऐकावं लागेल. ते कारण म्हणजे माणसांची संमती. बाकी बंदर, लष्करी तळ, लाल समुद्र हे सगळं त्यानंतर.

आता थोडं मागे जावं लागेल, आणि हे मागे जाणं आपल्याही ओळखीच्या गावावरून जातं. एडन. वासुदेव बळवंत फडक्यांना जिथे नेऊन ठेवलं आणि जिथे १८८३ साली त्यांचा अंत झाला ते एडन त्या काळी मुंबई इलाख्याचा भाग होतं, कारभार मुंबईहून चालायचा. एडनमध्ये इंग्रजांची फौज, आणि त्या उजाड जागेत फौजेला खायला काय, तर समोरच्या किनाऱ्यावरून, बेर्बेराहून, गलबतांनी येणारी शेळ्या-मेंढरं. तो मटणाचा पुरवठा सुरळीत राहावा हे एक मोठं कारण होतं म्हणून १८८४ पासून इंग्रजांनी तिथल्या सोमाली कुळांशी एकेक करून करार केले आणि ब्रिटिश सोमालीलँड उभं राहिलं, १८९८ पर्यंत तेही हिंदुस्थान सरकारच्याच खात्यात होतं. दक्षिणेकडचा सोमालिया मात्र इटलीकडे. म्हणजे भाषा एक, धर्म एक, पण हद्दी दोन, राज्यकर्ते दोन, शाळा-कोर्टं-कायदे सगळं वेगळं.

२६ जून १९६० ला ब्रिटिश सोमालीलँड स्वतंत्र झालं. स्वतःचं सरकार, पंतप्रधान मोहम्मद इब्राहिम एगाल. आणि पाचच दिवसांनी, १ जुलैला, ते इटालियन सोमालियात विलीन झालं, स्वखुशीने, कारण सगळ्या सोमाली लोकांचं एकच राष्ट्र व्हावं हे स्वप्न तेव्हा खरंच सगळीकडे होतं. हा मुद्दा नीट लक्षात घ्या, सोमालीलँडचा सगळा दावा इथून सुरू होतो. ते म्हणतात आम्ही कुणाचा तुकडा तोडत नाही आहोत, आम्ही एक स्वतंत्र देश होतो, दुसऱ्याबरोबर संसार मांडला, तो मोडला, आम्ही आमच्या घरी परत आलो.

आणि तो संसार कागदावर तरी नीट मांडला होता का, तर तोही नाही. हर्गेसाच्या विधिमंडळाने विलीनीकरणाचा एक कायदा केला, दक्षिणेतल्या राजधानीत, मोगादिशूत, वेगळ्याच मसुद्याला तत्त्वतः होकार दिला, आणि मग १९६१ च्या जानेवारीत मागच्या तारखेपासून लागू असा नवा कायदा काढून दोन्ही टोकं जुळवली. त्याच वर्षी जूनमध्ये संविधानावर सार्वमत झालं तेव्हा उत्तरेत बऱ्याच लोकांनी मतदानावर बहिष्कार टाकला आणि जे गेले त्यांच्यातल्या बहुतेकांनी नाही म्हटलं. डिसेंबरात उत्तरेतल्या काही तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी बंडाचा प्रयत्न केला, तो फसला, खटला चालला, आणि ब्रिटिश न्यायाधीशाने त्यांना सोडून दिलं, का, तर दोन्ही भागांना बांधणारा वैध कायदाच नाही मग देशद्रोह कुठला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. नव्या देशाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच त्याच्याच कोर्टात हे सांगितलं गेलं आणि तरी पुढची तीस वर्षं सगळ्यांनी विलीनीकरण पक्कं धरलं.

तरीही, नुसत्या कागदाच्या चुकीवर देश मागता येत नाही असं कुणी म्हटलं तर मी मान्य करेन. पण १९८८ झालं. सियाद बर्रेची लष्करी राजवट १९६९ पासून होतीच, उत्तरेतल्या इसाक कुळावर तिची खास नजर, त्या लोकांनी १९८१ मध्ये लंडनमध्ये सोमाली नॅशनल मूव्हमेंट ही संघटना काढली, आणि मे १९८८ मध्ये तिचे लढवय्ये बुराओ आणि हर्गेसात घुसले. त्यावर सरकारने काय केलं, तर स्वतःच्याच शहरावर विमानांनी बॉम्ब टाकले, तेही हर्गेसाच्याच विमानतळावरून उडून, वर जायचं, बॉम्ब टाकायचे, परत त्याच धावपट्टीवर उतरायचं. शहराचं जवळजवळ काही शिल्लक ठेवलं नाही. मेलेल्यांचा कमीत कमी अंदाज पन्नास हजारांचा आहे. लाखो लोक चालत इथिओपियात गेले. १९९७ मध्ये जोराचा पाऊस झाला तेव्हा हर्गेसात मलको-दुर्दुरोच्या ओढ्यापाशी माती वाहून गेली आणि हाडं वर आली, तेव्हा एकत्र पुरलेल्यांचे खड्डे सापडले.

आज हर्गेसाच्या मध्यावर एका उंच चबुतऱ्यावर खरंखुरं मिग विमान ठेवलंय, त्या हल्ल्यांमधलंच, खाली भिंतींवर त्या दिवसांची चित्रं रंगवलेली. आजूबाजूला ट्रॅफिक, दुकानं, शाळेची मुलं, आणि वर ते विमान. ज्या पिढीने ते डोक्यावर घोंघावताना ऐकलं ती पिढी रोज त्याच्या खालून बाजाराला जाते. या माणसांना सोमालियाची एकात्मता जपा असं सांगणं ज्यांना सोपं वाटतं त्यांनी त्या चबुतऱ्यापाशी उभं राहून सांगून बघावं.

१९९१ च्या जानेवारीत बर्रे पळाला, दक्षिणेत यादवी माजली, आणि १८ मे १९९१ ला बुराओमध्ये उत्तरेतल्या सगळ्या कुळांच्या सभेने विलीनीकरण रद्द केल्याचं जाहीर केलं. पण त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं यापेक्षा पुढची दहा-बारा वर्षं त्यांनी काय केलं त्यामुळे मी त्यांच्या बाजूची झाले. सगळं गोड गोड नव्हतं, १९९४ ते ९६ आपसात लढाई झाली, माणसं मेली. पण १९९३ मध्ये बोरामा या गावात कुळांचे म्हातारे-कोतारे एकत्र बसले, जानेवारीपासून मेपर्यंत, चार महिने. बोरामा हे इसाकांचं गाव नाही, हे महत्त्वाचं, म्हणजे ज्यांनी युद्ध जिंकलं होतं ते दुसऱ्याच्या दारी जाऊन बसले. कुणाचे उंट कुणी पळवले, कुणाचा मुलगा कुणी मारला, कुणाची जमीन कुणी बळकावली, सगळं काढलं, मिटवलं, आणि त्यातून राज्याची घडी बसवली, वडीलधाऱ्यांचं वरचं सभागृह केलं, त्याला ते गुर्ती म्हणतात. संयुक्त राष्ट्रांचे अब्जावधी डॉलर आणि हजारो सैनिक तेव्हा दक्षिणेत मोगादिशूत होते. बोरामाचा खर्च बहुतेक तिथल्याच लोकांनी, व्यापाऱ्यांनी, परदेशातल्या नातेवाइकांनी उचलला. राज्य कुठे टिकलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आणि २००३ ची निवडणूक. एगाल सोमालीलँडच्या अध्यक्षपदावर असताना २००२ मध्ये वारले, उपाध्यक्ष दाहिर रियाले काहिन अध्यक्ष झाले, ते इसाक नव्हेत, शिवाय बर्रेच्या काळात त्याच्या गुप्तचर खात्यात नोकरी केलेले. समोर उमेदवार अहमद सिलान्यो, ज्यांनी बर्रेविरुद्धच्या लढाईत कित्येक वर्षं त्या संघटनेचं नेतृत्व केलं. निकाल लागला, सिलान्यो हरले, जाहीर झालेला फरक ८० मतं. ऐंशी! घराघरात बंदुका असलेला देश, लढाई जिंकलेला माणूस, आणि तो त्याच्याच शत्रूच्या जुन्या नोकराकडून ऐंशी मतांनी हरतो. कोर्टात गेले, कोर्टानेही रियालेंनाच विजयी ठरवलं, आणि सिलान्यो घरी गेले. २०१० मध्ये परत उभे राहिले आणि जिंकले. २०२४ च्या नोव्हेंबरात तिथे सत्तेवरचे मुसे बिही हरले, विरोधी पक्षाचे अब्दिरहमान इर्रो आले, सत्ता शांतपणे हातातून हातात गेली. आफ्रिकेतच कशाला, आपल्या शेजारच्या किती देशांत हे इतक्यांदा घडलंय मोजून बघा.

हर्गेसाच्या फुटपाथवर चलन बदलून देणारे बसतात. शिलिंगच्या नोटांच्या विटा रचलेल्या असतात, अक्षरशः विटा, कारण एका डॉलरला हजारो शिलिंग येतात. जवळ बंदूकधारी पहारेकरी नाही. नमाजाची वेळ झाली की तो माणूस नोटांवर कापड टाकतो आणि मशिदीत जातो. ज्या शहराचं तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मातेरं झालं होतं त्या शहरात हा विश्वास कसा आला असेल याचा विचार केला तर बोरामाचे ते चार महिने समजतात.

मग अडतंय कुठे? १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराप्रमाणे देश म्हणवायला चार गोष्टी लागतात, कायमची वस्ती, ठरलेली हद्द, सरकार, आणि दुसऱ्या देशांशी व्यवहार करायची क्षमता. पण प्रत्यक्षात पाचवी एक न लिहिलेली अट असते, ती म्हणजे मूळ देशाची हरकत नसणे. एरिट्रिया १९९३ मध्ये झाला कारण इथिओपियाने होकार दिला, दक्षिण सुदान २०११ मध्ये झाला कारण खार्तूमने, म्हणजे सुदानच्या सरकारने, सही केली होती. दक्षिण सुदानला तर पहिल्या आठवड्यातच संयुक्त राष्ट्रांत खुर्ची मिळाली आणि अडीच वर्षांत तिथे यादवी पेटली. म्हणजे कारभार कसा चालेल हे कुणी बघितलंच नव्हतं, सही बघितली होती.

आफ्रिकन युनियनचं नेहमीचं म्हणणं असं की एकाला दिलं की सगळे मागतील. त्यासाठी १९६४ च्या कैरो ठरावाचा आधार देतात, की स्वातंत्र्याच्या वेळी ज्या हद्दी होत्या त्याच पाळायच्या. अहो पण मग सोमालीलँडची स्वातंत्र्याच्या वेळची हद्द कुठली? २६ जून १९६० ची. ते तीच मागतायत! हा ठराव त्यांच्या विरोधात नाहीच आहे, बाजूने आहे. २००५ मध्ये आफ्रिकन युनियननेच पाहणीला पथक पाठवलं, आणि त्या पथकाने लिहून दिलं की हे प्रकरण आफ्रिकेच्या इतिहासात वेगळं आहे, इतरांशी जोडू नका, वेगळा मार्ग काढा. तो अहवाल युनियनच्या मुख्यालयात, अदिस अबाबात, पडून आहे, वीस वर्षं.

आता कुणी म्हणेल, नाही मिळाली मान्यता तर काय बिघडलं, चाललंय ना. तर बिघडतं. १ एप्रिल २०२२ च्या रात्री हर्गेसाचा मुख्य बाजार, वाहीन, जळाला. हजारो दुकानं, टपऱ्या, एका रात्रीत राख. दुसऱ्या कुठल्या देशाची राजधानी असती तर जागतिक बँकेकडे, नाणेनिधीकडे कर्जासाठी सरळ हात पसरता आला असता. यांना नाही, यांच्यासाठी ती खिडकीच नाही. जी मदत यायची ती एक तर मोगादिशूच्या नावाने किंवा परदेशातल्या आपल्या माणसांकडून. वरचं आकाशसुद्धा त्यांचं नाही, विमानांचं नियंत्रण मोगादिशूकडे. आमच्या ओळखीच्या एका घरी पुण्यात शिकायला आलेला हर्गेसाचा मुलगा भाड्याने राहायचा, त्याने एकदा ऑनलाइन फॉर्म भरताना स्क्रीन माझ्यासमोर धरली. देश निवडा. सोमालिया आहे, दक्षिण सुदान आहे, त्याचा देश नाही. तो म्हणाला दर वेळी मी खोटं लिहितो. हसत नव्हता तो.

अशा परिस्थितीत चौतीस वर्षांनी कुणीतरी दार उघडलं आणि ते आत गेले, तर त्यांना नावं ठेवायला मला जमत नाही. पण ज्या वेळी आणि ज्याच्याकडून ही मान्यता आली त्याची मला काळजी वाटते. गाझाची राखरांगोळी झालेली, तिथल्या लोकांना सोमालीलँडला हलवायच्या चर्चेच्या बातम्या २०२५ मध्ये येऊन गेलेल्या, हर्गेसाने त्या नाकारल्या होत्या, तरी संशय राहिलाच. समोर येमेनमध्ये हुथी बंडखोर, मध्ये बाब-अल-मंदेबची अरुंद समुद्रवाट. इस्रायलला तिथे काय हवंय ते नकाशा बघितला तरी कळतं. ती मान्यता सोमालीलँडच्या निवडणुकांना किंवा बोरामाला नाही, ती त्या किनाऱ्याला आहे. याआधी १ जानेवारी २०२४ ला इथिओपियाने असंच केलं, वीस किलोमीटर किनारा पन्नास वर्षांच्या भाड्याने द्या, त्या बदल्यात मान्यतेचा विचार करू असा करार, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तुर्कस्तानच्या राजधानीत, अंकारात, जाऊन मोगादिशूशी जुळवून घेतलं. किनाऱ्यासाठी आलेला पाहुणा दुसरा किनारा मिळाला की निघून जातो, हे हर्गेसाने एकदा भोगलंय. शिवाय आता इजिप्त, तुर्कस्तान, सौदी, आफ्रिकन युनियन सगळे एका सुरात विरोधात, आणि ज्या आफ्रिकन देशांना आतून सहानुभूती होती त्यांनाही आता बोलायची चोरी झाली.

आपल्याला हा विषय परका नाही खरं तर. ६ डिसेंबर १९७१ ला भारताने बांगलादेशला मान्यता दिली, लढाई चालू असताना, कुणाची वाट न बघता. पाकिस्तानने १९७४ मध्ये दिली, मधे चीनने बांगलादेशचं संयुक्त राष्ट्रांतलं सदस्यत्व व्हेटोने अडवलं, तेही १९७४ मध्येच मिळालं. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, पोर्तुगालने कागदोपत्री कबूल केलं १९७४ च्या शेवटी, तेरा वर्षं लिस्बनच्या लेखी गोवा त्यांचाच होता, म्हणून पणजीतली माणसं पोर्तुगीज झाली का? कोसोव्होला मात्र भारताने अजून मान्यता दिलेली नाही आणि काश्मीरचं कारण उघड आहे. मला ते कारण समजतं, पण सोमालीलँडला ते लागू होत नाही, कारण इथे १९६० चा स्वतंत्र देश आहे, कुठल्या प्रांताने उठून केलेली मागणी नाही. आणि समजा दिल्लीला आज मान्यता नाही द्यायची, ठीक आहे, हर्गेसात एक ऑफिस तरी उघडा. तैपेईत १९९५ पासून भारताचं ऑफिस आहे, तैवानला मान्यता न देता. मोगादिशूचा सगळ्यात मोठा मित्र तुर्कस्तान, त्याचाही हर्गेसात वाणिज्य दूतावास आहे. मांडवी-सलायाची गलबतं बेर्बेराला जातात, तिथली मुलं आपल्याकडे शिकतात, पेशंट आपल्याकडे उपचाराला येतात, त्यांच्यासाठी तरी एक टेबल-खुर्ची हवी.

आता लास अनोद. सोमालीलँडचे समर्थक इथे गप्प होतात आणि मला ते पटत नाही. पूर्वेचा सूल भाग, तिथे मुख्यतः धुलबहान्ते कुळ. २००१ च्या सार्वमतात संविधानाला, म्हणजेच स्वातंत्र्याला, ९७ टक्के मतं पडली असं अभिमानाने सांगतात, पण या पूर्वेकडच्या भागांत मतदान धड झालंच नव्हतं. २०२२ च्या शेवटी शहरात एका नेत्याचा खून झाला, लोक रस्त्यावर आले, फेब्रुवारी २०२३ मध्ये लढाई सुरू झाली, आणि सोमालीलँडच्या फौजेने महिनोन्‌महिने लास अनोदवर तोफा डागल्या. दीड लाखाच्या वर माणसं घर सोडून पळाली. हॉस्पिटलवरही गोळे पडले. ऑगस्टमध्ये फौजेला तिथून हटावं लागलं, आणि आता तिथले लोक म्हणतात आम्ही मोगादिशूबरोबर. ज्या सरकारच्या राजधानीत मिगचं स्मारक आहे त्या सरकारने दुसऱ्या शहरावर तोफा चालवल्या, हे मला कुठल्याच युक्तिवादात बसवता येत नाही. १९८८ आणि २०२३ सारखं नाही, हे मला माहीत आहे, पण लास अनोदच्या आईला हा फरक समजावायला मी जाणार नाही.

हर्गेसा म्हणतं हद्द १९६० ची, त्यात लास अनोद येतं. बरोबर, येतं. पण तुम्ही १९६० च्या नकाशाबरोबर १९६१ चं नाकारलेलं मतदानही दाखवता ना? तुमचा दावा नकाशा अधिक संमती असा आहे, म्हणून तो मजबूत आहे. त्यातली संमती पूर्वेला सोडून दिलीत तर नुसता इंग्रजांनी आखलेला नकाशा उरतो, आणि नकाशा तर मोगादिशूकडेही आहे. बाकीच्या खोडीही आहेत, निवडणुका वर्षानुवर्षं पुढे ढकलणं, गुर्तीची कधीच निवडणूक न होणं, २०२१ मध्ये ८२ जागांवर एकही बाई निवडून न येणं. पण त्या घरातल्या घरात दुरुस्त होतील. लास अनोदचं तसं नाही.

म्हणून आफ्रिकन युनियनने २००५ नंतर आता दुसरं पथक पाठवावं, आणि त्याने हर्गेसा-बेर्बेरा बघून विमान पकडू नये. पूर्वेच्या रस्त्याने लास अनोदला जावं, तिथे मोगादिशू आणि हर्गेसा दोघांनाही बाहेर ठेवून धुलबहान्तेंच्या वडीलधाऱ्यांना, बायांना, घरी परतलेल्यांना विचारावं की तुम्हाला कुठे राहायचंय, आणि त्याआधी तोफांचा हिशोब, मेलेल्यांची भरपाई, कैद्यांची सुटका हे सगळं झाडाखाली बसून मिटवावं, सोमाली पद्धतीने. ते हर्गेसाबरोबर आले तर आले, नाही आले तर थोडी लहान हद्द घेऊन सोमालीलँडने मान्यता मागावी. वेळ लागेल. बोरामात चार महिने लागले होते, आणि तिथे तर पाहुण्यांचं जेवणसुद्धा गावाने घातलं होतं.